किलवरच्या राणीची सीट

तुम्ही मला फसवलंत असा माझा पहिल्यापासून संशय होता. आता पुरावा हाती आलाय, आणि तो नाकासमोर धरायला तुम्ही नाही. हेही तुमच्या स्वभावाला धरूनच झालं. भांडण रंगात आलं की तुम्ही नेहमीच चपला घालून मेल वीदीच्या रस्त्यावर फेरी मारायला निघून जायचात.

तुम्हाला जाऊन अजून महिना उलटला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो कसं झालं, आणि मी तेच तेच सांगते. सकाळची कॉफी झाली, पेपर उघडला, मान एका बाजूला गेली. त्याच्या पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, तुम्ही नाटक करताय. पत्त्यांची जादू शिकायला लागल्यापासून तुम्हाला ही खोड लागली होती. डोळे मिटून पडायचं, आणि मी जवळ येऊन वाकले की माझ्या कानामागून पत्ता काढायचा. म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "पुरे झालं नाटक. उठा की, इडली गार होते." तुम्ही उठला नाहीत. मी आणखी थोडी रागावले. मग कळलं, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो म्हणे समोरच्या घरापर्यंत ऐकू गेला.

हे लिहितेय ते मराठीत आणि देवनागरीत, हीसुद्धा तुमचीच करणी. माझ्या माहेरी मराठी स्वयंपाकघरापुरती होती. शाळा तमिळ, बाजार तमिळ, भांडणंसुद्धा तमिळ. लग्न होऊन तंजावूरला आले तर तुमच्या घरात सासूबाई मांजराशीदेखील मराठीत बोलायच्या. "बोलताना आपली, लिहिताना पुस्तकाची," असा तुमचा नियम. संध्याकाळी ऑफिसातून आलात की मला चार ओळी लिहायला लावायचात आणि लाल पेनानं त्यांची दैना करायचात. भ च्या जागी ब, घ च्या जागी ग. चूक दिसली आणि तुम्ही गप्प राहिलात असं कधी घडलं नाही. सांबारात चिंच जास्त झाली की सांगायचात, दारातल्या कोलमची, त्या तांदळाच्या पिठाच्या रांगोळीची, रेघ वाकडी गेली की सांगायचात. मी झोपेत बडबडले तर त्यातली व्याकरणाची चूकसुद्धा सकाळी उठल्यावर सांगायचात. अशा माणसाबरोबर इतकी वर्षं काढल्यावर बाईचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय होईल?

पत्त्यांचं प्रकरण तुम्ही निवृत्त झाल्यावर सुरू झालं. आपल्या लेकीनं, रंजनीनं, चेन्नईहून तुम्हाला मोठा फोन पाठवला आणि तुम्ही त्यावर दिवसभर कुठल्याशा परदेशी माणसाचे हात बघत बसायला लागलात. नंतर तुमच्या शर्टांच्या घडीखाली मला पत्त्यांचा कॅट सापडला. आपण त्याला तमिळमधलं कट्टुच म्हणतो. तुमच्या घराण्यात कट्टु म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे कुळाला काळिमा. तुम्ही न्हाणीघरात पुटपुटत होतात, "चौदा, बदामचा गुलाम. पंधरा, इस्पिकची नव्वी." मी दाराला कान लावून उभी. हा माणूस कुणाशी खेळतोय, कुठे खेळतोय, कधीपासून, असं सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. शेवटी तुम्हाला गच्चीवर गाठलं तेव्हा तुम्ही खो खो हसलात आणि म्हणालात, "अग, खेळत नाहीं. पाठ करतों."

मग समजावून सांगितलंत. बावन्न पानांचा एक क्रम ठरवायचा आणि तो पाठ करायचा. लोकांसमोर पानं पिसल्यासारखी दाखवायची, पण खरी पिसायची नाहीत. समोरच्यानं कुठलाही आकडा सांगावा, आपण त्या जागेवरचं पान सांगायचं. वरून मोजत जावं तर तेच पान तिथे हजर. मी विचारलं, ह्यात जादू कुठे आहे, ही तर घोकंपट्टी झाली. "घोकलं म्हणून कळालं नाहीं की जादूच की," म्हणालात.

तुमची घोकायची तऱ्हा वेगळी होती. ओरत्तनाडूच्या तालुका ऑफिसात जायला तुम्ही जन्मभर एकच बस धरलीत, आणि त्या बसच्या सगळ्या सीटा तुम्हाला पाठ होत्या. प्रत्येक सीटवर तुम्ही एक पान बसवलंत. एक नंबरवर ड्रायव्हरच्या पाठीमागे इस्पिकचा राजा, तो म्हणे तुमचा तहसीलदार. बेचाळीसवर, मागच्या बाजूला, कोंबड्यांची टोपली घेऊन बसणारा म्हातारा, ती चौकटची सत्ती. चोवीसवर खिडकीशी किलवरची राणी.

"राणी कोण?" मी विचारलं.

"कोणी टीचर होती. वाटेत उतरायची."

"नाव काय?"

"पानाला नाव कसलं, कमला?"

इतर पानांच्या बाबतीत कोण कुठल्या गावचा, कुणाला किती मुलं, इथपर्यंत तुम्हाला ठाऊक होतं. ह्या एका टीचरचं नाव तेवढं नव्हतं. मी तेव्हाच मनाशी नोंद करून ठेवली.

मला शिकवा म्हणून मी मागे लागले ती ह्या संशयापायीच. तुम्ही मोडता घालत राहिलात. तुझं लक्ष नाही, तुला मधेच दूध आठवतं, वगैरे. पण एकदा सुरू केल्यावर मात्र मन लावून शिकवलंत. सकाळी सांबारासाठी चिन्न वेंगायम, ते छोटे कांदे, सोलायला बसलो की तुम्ही मराठीत आकडा टाकायचात, मी पान सांगायची. "एकोणीस?" "किलवरची तिर्री." "चोवीस?" "किलवरची राणी." "सरि. बेचाळीस?" "चौकटची सत्ती." डोळ्यांतून पाणी वाहायचं ते कांद्यामुळे की हसण्यामुळे, कळायचं नाही. त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या होत्या. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही वाक्यात काहीतरी चूक काढली असतीत.

पण दोन गोष्टी मला खुपत राहिल्या. आपल्याकडे दोन कट्टु होते. लाल पाठीचा तुमचा, निळ्या पाठीचा आपण दोघांनी मिळून करायच्या खेळांचा. लालला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. आणि निळा दर वेळी तुम्ही स्वतः रचायचात, खोलीचं दार लोटून. "रचायचं काम माझं, बोलायचं तुझं." का बरं? मला क्रम पाठ होता, मग मी रचला तर काय बिघडणार होतं? मला वाटायचं, ह्यात खूण आहे. कुठल्यातरी पानाचा कोपरा दुमडलेला आहे, किंवा तुमचा खरा क्रम वेगळाच आहे आणि मला भातुकलीतला दिलाय. मी भिंग घेऊन निळा कट्टु तपासला होता. तुम्हाला माहीत नसेल. किंवा असेल.

माझ्या भाच्याच्या मुंजीत आपण पहिल्यांदा चारचौघांत हा खेळ केला. जेवणं झाली होती, पानसुपारी चालली होती. मुलाच्या वडिलांचे ऑफिसातले एक तमिळ गृहस्थ होते, मिशीवाले, कशावरच विश्वास न ठेवणारे. मला ते लगेच आवडले. त्यांनी माझ्याकडे रोखून बघत म्हटलं, "नाप्पत्तिरेंडु." मी डोळे मिटले, बस डोळ्यांसमोर आणली, मागच्या सीटवर बघितलं आणि म्हटलं, "क्लावर राणी." ते एकेक पान टाकत मोजत गेले. बेचाळिसावं उलटलं. किलवरची राणी. सगळा हॉल ओरडला. मुंजीतला बटूसुद्धा सोवळं सांभाळत खुर्चीवर चढला. मला आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. घरी येताना बसमध्ये तुम्ही नेहमी काढायचात तशी एकही चूक काढली नाहीत, खिडकीबाहेर कालव्याकडे बघत बसलात. मी समजले, तुम्हाला माझा हेवा वाटतोय.

ते शेवटचं भांडण आठवतं ना? नवरात्रात समोरच्या मामींकडे कोलू, म्हणजे मांडलेल्या बाहुल्या, बघायला बायका जमणार आणि मी एकटीनं खेळ करणार असं ठरलं होतं. मी म्हटलं, आता कट्टु मी रचणार. तुम्ही म्हणालात, "थोडं थांब."

"कशाला थांबू? तुमचा माझ्यावर भरवसा नाही."

"तसं नाहीं ग."

"मग कसं?"

"सांगतों. एक गोष्ट सांगायची आहे. सांगतों म्हणून सांगितलों की!"

आणि चपला घातल्यात. त्यानंतर चार-आठ दिवस मी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं की तुम्ही भाव खाता. तुम्हीही सांगितलं नाहीत. मग ती सकाळ आली.

आता पुराव्याकडे येते. सगळे विधी आटोपले होते, पाहुणे गेले होते. घरात मी, रंजनी आणि तुमच्या थोरल्या बहीण वत्सलाअक्का. रंजनी दुसऱ्या दिवशी चेन्नईला परत जाणार होती. दुपारी ती तुमचा लाल कट्टु घेऊन आली आणि म्हणाली, "अम्मा, वन टाइम. अप्पाच्या कट्टूवर करून दाखव." ती तमिळ, इंग्लिश आणि मराठी एका वाटीत कालवते. तुम्ही तिला ओरडून थकलात.

तुम्ही शेवटचा रचून ठेवलेला, तसाच्या तसा. मी म्हटलं, आकडा सांग. रंजनीला तो मुंजीतला मिशीवाला आठवत होता. "नाप्पत्तिरेंडु," ती म्हणाली.

"किलवरची राणी."

तिनं मोजलं. चौकटची सत्ती.

मी म्हटलं, तू मोजायला चुकलीस. पुन्हा मोजलं. कोंबडीवाला म्हातारा जागचा हलला नाही. मग मी कट्टु तिच्या हातातून ओढून घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत टेबलावर मांडला. बाकी सगळं मला पाठ होतं तसंच. फक्त राणी चोविसाव्या जागी, सत्ती बेचाळिसाव्या. मी निळा कट्टु आणला. त्यात राणी बेचाळिसावी आणि सत्ती चोविसावी, माझ्या पाठांतराप्रमाणे. आता मला काही बघायचं राहिलं नव्हतं. तुमचा खरा क्रम तुम्ही लपवलात, मला चुकीचा शिकवलात, आणि तेही नेमकं त्या टीचरच्या बाबतीत! मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मी तिथेच उभी राहून तुमच्याशी भांडले. रंजनी रडायला लागली.

वत्सलाअक्का कॉफी पीत बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो तुला काय म्हणून शिकवला?"

"राणी चोवीसच्या सीटवर म्हणून."

"मग?"

"मग काय? मी तेच सांगितले की आत्ता. नाप्पत्तिरेंडु, राणी."

अक्कांनी टंबलर खाली ठेवला. "कमला," त्या म्हणाल्या, "चोवीस म्हणजे इरुवत्तिनालु ग."

मला कळायला वेळ लागला. तमिळमध्ये वीस आधी, चार नंतर. मराठीत चार आधी, वीस नंतर. कागदावर लिहिलेला आकडा मी आजही मनात तमिळमध्येच वाचते, तो मराठीत कसा म्हणायचा हे मला कुणी शिकवलं नाही, आणि लाज वाटते म्हणून मी विचारलं नाही. तुम्ही 'चोवीस' म्हणालात, मला आधी चार ऐकू आला, आणि मी राणीला नेऊन बेचाळीसवर बसवलं. 'बेचाळीस' म्हणालात, आधी दोन ऐकू आला, आणि कोंबडीवाला म्हातारा टोपलीसकट चोवीसवर आला. बाकीच्या अशा आकड्यांवर मी शिकतानाच अडखळले होते आणि तुम्ही तिथल्या तिथे कान उपटले होतेत. ह्या जोडीवर अडखळलेच नाही, इतकी मला खात्री होती. कांदे सोलताना मराठीत विचारलंत तेव्हा मराठीत बरोबर उत्तर आलं. चूक माझ्या डोक्यातल्या बसमध्ये होती, ती तुम्हाला दिसणार कशी?

पण दिसली. कधी दिसली तेही मला त्या टेबलाशी उभ्या उभ्या आठवलं. मुंजीच्या आधीची आपली तालीम. तुम्ही प्रेक्षक झाला होतात, मुद्दाम तमिळमध्ये आकडे सांगत होतात. एका आकड्याला मी ऐटीत "किलवरची राणी" म्हटलं, तुम्ही मोजलंत, पान हातात धरून बघितलंत, आणि मला न दाखवता म्हणालात, "एक कॉफी होणा." मी कॉफी घेऊन आले तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केलीत, आणि राणी निघाली. मी टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या मागे तुम्ही काहीतरी केलंय असा तेव्हाही मला वास आला होता, पण तुम्ही माझ्याविरुद्ध काही केलंय असंच मी धरून चालले.

तर असं आहे. मला वाटत होतं तुम्ही माझ्यापासून काहीतरी चोरताय, आणि तुम्ही दार लोटून दोन पानांची अदलाबदल करत होतात, दर वेळी, मी चुकीची ठरू नये म्हणून. तुमच्या डोक्यातल्या बसमध्ये राणी चोवीसवरच राहिली. माझ्यासाठी तुम्ही दोन बसा चालवल्यात.

पण का, ते कळत नाही. दोन शक्यता आहेत आणि दोन्ही मला छळतात. एक म्हणजे तुम्हाला वाटलं असेल, ही बाई जळते, म्हणून हिनं टीचरला मुद्दाम मागे पाठवलं. मग तुम्ही गालातल्या गालात हसत ती मागेच राहू दिलीत. तसं असेल तर ते साफ खोटं आहे. म्हणजे जळत होते, पण मागे पाठवली ती मी नव्हे. दुसरी शक्यता म्हणजे मी इतकी खूश होते की तुमची जीभ उचलली नाही. तुमची! जी माझ्या झोपेतल्या व्याकरणावरही उचलायची. "एक गोष्ट सांगायची आहे" म्हणालात ती हीच असणार. ही नसेल तर आणखी कुठली होती?

आता मला सगळ्याचाच संशय येतो. गेली काही वर्षं तुम्ही सांबाराला नावं ठेवणं बंद केलं होतं. मी समजत होते, माझा हात सुधारला. वत्सलाअक्कांकडे राहायला जायचं ठरलं की नेमके तुमचे गुडघे धरायचे. मी समजत होते, धरतात. आता मनात येतं की मला तिकडे जायचं नसायचं, ते न बोलता तुम्हाला कळायचं, आणि गुडघ्यांना काहीसुद्धा झालेलं नसायचं. (अक्कांना हे वाचून दाखवणार नाही.) दारातला कोलम मी घाईत वाकडा काढून आत यायची आणि बाहेर आल्यावर तो बरा दिसायचा, तेव्हा मला वाटायचं, उन्हात रेघ सरळ दिसते. तुम्ही पेपर आणायला बाहेर जायचात. तुमच्या बोटांना पीठ लागलेलं असायचं का? मी बघितलं नाही. मी भिंग घेऊन पत्त्यांचे कोपरे तपासत होते, तुमची बोटं बघायला मला कुठे सुचलं!

आणि टाळ्या? त्या मुंजीतल्या टाळ्या कुणाच्या धरायच्या? पहिले दोन दिवस मला फार अपमान वाटला. आयुष्यात एक गोष्ट स्वतः शिकले म्हणून मिरवत होते, तर तीही तुम्ही मागून धरलेली. मग बसून पुन्हा सगळी पानं मांडली. दोन पानांचं काम तुमचं, बाकी पन्नास माझी मीच सांगितली होती. ते तरी माझ्याकडून काढून घेता येणार नाही, तुम्हालासुद्धा.

समोरच्या मामी काल विचारून गेल्या. यंदा आपल्याकडे सण नाही, मी कुठे जाणार नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी. मी हो म्हटलं. त्या गेल्यावर निळा कट्टु घेतला आणि पहिल्यांदा स्वतः रचायला बसले. चोवीस येईपर्यंत हात सरसर चालला. तिथे थांबला. मोठ्यानं म्हटलं, "चोवीस, इरुवत्तिनालु," आणि राणी तिच्या खिडकीशी नेऊन बसवली. बेचाळीसवर म्हातारा. मग स्वतःलाच विचारत बसले, एकदा मराठीत, एकदा तमिळमध्ये. चुकत होते. आता मला चुकताना कळतं, म्हणून जास्त चुकते. सगळी दुपार गेली. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला जमलं.

जमलं आणि मी तुमच्या खुर्चीकडे बघितलं. अहो, मला तुमचा फार राग आलाय. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं केलं असतं तर मी त्याला ओवाळलं असतं. पण मला ते नको होतं. कांदे सोलता सोलता तुम्ही एकदा मान वर करून म्हणायचं होतंत, "कमला, चुकलीस." मी कबूल केलं नसतं. भांडले असते, त्या टीचरचा विषय काढला असता, दोन दिवस बोलले नसते. आणि मग विचारलं असतं, कुठे चुकले, ते सांगा.